१९९१ची घरगुती कॅसेट, माझी चाल आणि चढलेला सा

वरळीकरीण

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहायला पहिल्यांदाच बसलेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वरळीच्या बीडीडी चाळीतली आमची खोली आम्ही गेल्या महिन्यात रिकामी केली. इमारत पाडायला घेणार आहेत, नवीन घर मिळेपर्यंत दुसरीकडे राहायचं. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवली तर आईच्या शालूखाली एक कॅसेट निघाली. लेबलावर दादाचं अक्षर : "छकूची चाल. पाचवा टेक. हाच ठेवणे." वरच्या दोन्ही खाचा मोडलेल्या. त्या दादाने त्याच रात्री स्क्रूड्रायव्हरने मोडल्या होत्या, कुणी वर रेडिओची गाणी भरू नयेत म्हणून. म्हणूनच ती वाचली. आमच्या घरात कॅसेटा कमी होत्या आणि एकावर एक भरण्याची सवय फार.

मे १९९१. मी एकोणीस वर्षांची होते. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा कधी उघडलीच नाही. लहानपणी भोंग्यावर घराचं घड्याळ चालायचं. तो गप्प झाल्यावरही वडील पहाटे त्याच वेळेला उठून बसायचे. त्यावर मी दोन ओळी लिहिल्या होत्या :

भोंगा निजला, दिवा विझेना
वाट कुणाची, सांग गं आई

याला चाल मीच लावली. सार्वजनिक नळावर पाणी भरताना सुचली, हंडा भरेपर्यंत मुखडा पुरा झाला होता. मी तेव्हा दादरला गाण्याच्या क्लासला जात होते, त्यामुळे चाल देस रागाच्या अंगाने गेली. पण "सांग गं आई" म्हणताना "गं"वर एक स्वर यायचा तो देसातला नव्हता. कोमल गंधार. मी ठरवून घातला नव्हता, तोंडात तसाच बसला होता.

दादा पेटी वाजवायचा. शेजारचा एक मुलगा ढोलकीला. एकशेसाठ चौरस फुटांची खोली, भिंती काँक्रीटच्या, खाली शहाबादी लादी, त्यामुळे टाळी वाजवली तरी घुमायची. आम्ही कपड्यांच्या दोरीवर सहा गोधड्या टांगल्या. टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र) विजेवर लावलं की मागे घूं घूं यायचं म्हणून दादाने चार मोठे सेल घातले. रात्री साडेअकराला गॅलरीतली वर्दळ थांबल्यावर सुरू केलं. पंखा बंद. कागद वाचायचा म्हणून ट्यूबलाइट चालू. आई ओट्याशी भिंतीला टेकून बसली होती, भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून हातसुद्धा हलवत नव्हती.

चार टेक फुकट गेले. कुठे ढोलकी पुढे पळाली, कुठे खालून कुत्रं भुंकलं. पाचवा लागला. शेवटच्या मुखड्याला दादाने पेटी सोडली आणि ढोलकी थांबवली, मी एकटी गायले. ही त्याची कल्पना होती. गाणं संपल्यावर यंत्र बंद करायचं राहिलं आणि आई म्हणाली, "झालं का गं? पंखा लावू?" ते कॅसेटवर आहे.

ती कॅसेट घेऊन मी एका कॅसेट कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथल्या गृहस्थांनी पूर्ण ऐकली, म्हणाले शब्द चांगले आहेत. मग त्यांनी मागे फिरवून पहिल्या मुखड्याचा सा ऐकवला, आणि लगेच पुढे नेऊन शेवटच्या मुखड्याचा. शेवटचा चढलेला होता. कुणालाही कळेल इतका. "पेटी सोडली की तुमचा सा टिकत नाही," ते म्हणाले. शांतपणेच म्हणाले, अपमान केला नाही. पण मी बाहेर आले ती जिना कसा उतरले ते आठवत नाही.

त्यानंतर सहा महिने मी ती कॅसेट लावून रोज शेवटचा मुखडा घासला. कॅसेटवर काळी तीन (पेटीची तिसरी काळी पट्टी) वाजते, म्हणून काळी तीनच्या पट्टीत. दादा सांगायचा, "अगं आपण पांढरी चार धरली होती." मी ऐकलं नाही, कॅसेट समोर होती. अंतऱ्यात वर जाताना घसा ओढायचा, मग बसायचा. क्लासमध्ये ती चाल म्हणून दाखवली तेव्हा कोमल गंधाराबद्दल बोलणी खाल्ली, तोही काढून टाकला. पुढे लग्न, नोकरी. गाणं सुटलं असं नाही म्हणणार, हळदीकुंकवाला, गणपतीत म्हणते. ही चाल मात्र चारचौघांत पुन्हा म्हटली नाही.

आता विचारायचं ते हे. कॅसेट वाजवायच्या आधी काय काळजी घेऊ? भाचा म्हणतोय, "आत्या, ॲपमध्ये टाकून मागचा सगळा आवाज साफ करून देतो." करू का?

---

चाळकरी

ताई, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडीत माझं बालपण गेलं. गोधड्या टांगण्याचं वाचलं आणि अंगावर काटा आला. आमच्याकडे नाटकाच्या तालमीला हेच करायचो. पंखा बंद करून मेमध्ये पाच टेक, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.

---

आरोही

वाचतेय. "हाच ठेवणे" यावर थांबले जरा वेळ. क्लिप ऐकायला मिळेल का?

---

पार्लेकर_जुना

वरळीकरीण, कृपा करून घाईने वाजवू नका. मी पस्तीस वर्षं कॅसेटा हाताळतोय.

आधी उजेडात धरून खिडकीतून फितीची कड बघा. पांढरट ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. मुंबईच्या हवेत माळ्यावर पस्तीस पावसाळे काढलेल्या कॅसेटला ती बहुतेकदा असतेच. अशी कॅसेट वाजवली तर बुरशी हेडला (यंत्रात फीत जिथे टेकून वाचली जाते त्या भागाला) लागते आणि तिथून तुमच्या बाकीच्या कॅसेटांनाही.

मग फितीच्या मागची नमद्याची गादी बघा, तांब्याच्या पट्टीवर छोटा चौकोन असतो तो. डिंक सुकून तो गळून पडतो. तो नसेल तर फीत हेडला टेकत नाही आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. कवच स्क्रूचं असेल तर फीत दुसऱ्या चांगल्या कवचात घालता येते, चिकटवलेलं असेल तर जाणकाराकडेच द्या.

वाजवायच्या आधी एकदा टोकापासून टोकापर्यंत पुढे आणि मागे फिरवा, हाताने पेन्सिलने केलं तर उत्तमच. इतक्या वर्षांत वेटोळी एकमेकांना धरून बसतात. हेड आणि रबरी चाक स्वच्छ हवं. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालेल, रबराला बेताने.

आणि साफसफाई? करायची तर प्रतीवर करा. पहिली नक्कल जशी आहे तशी, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये. डॉल्बीचं (खरखर दाबणारं) बटण बंद. खरखर, घरघर, आईचं बोलणं, सगळं त्यात राहू दे. ॲप काय काढेल आणि काय खाईल याचा नेम नसतो, आणि एकदा त्या फाईलवरून खाल्लेलं परत येत नाही.

---

वरळीकरीण

मनापासून आभार. कडेला ठिपके होते. गादीही निसटली होती, आतच पडलेली. लॅमिंग्टन रोडला एक जुने दुरुस्तीवाले आहेत, त्यांच्याकडे नेली. त्यांनी दुसऱ्या कवचात घातली, फीत कापडातून सावकाश फिरवली आणि डेकवर लावून हेडचा एक छोटा स्क्रू कणाकणाने फिरवत राहिले. आवाज एकदम उघडला. मला वाटलं पडदा सरकवला कुणी. ते म्हणाले, ज्या यंत्रावर भरली त्याचा हेड थोडा तिरका होता, म्हणून आपलाही तेवढाच तिरका केला.

९६/२४ची फाईल मिळाली. क्लिप टाकली आहे. ४ मिनिटं २० सेकंद.

ऐकली मी. शेवटचा सा चढलेलाच आहे.

---

आरोही

ताई, आवाज किती स्वच्छ आहे! आणि शेवटी "पंखा लावू?" ऐकून मी ऑफिसात रडले.

---

कोमल_ऋषभ

हेडफोनवर चार वेळा ऐकली. दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली गंधाराची. "सांग गं आई"ला तुम्ही रे, कोमल ग, रे, सा असं उतरता. दोन रिषभांच्या मध्ये धरलेला कोमल गंधार ही जयजयवंतीची ओळख. देस आणि जयजयवंती शेजारी राहणारे राग आहेत, शुद्ध आणि कोमल असे दोन्ही निषाद दोघांकडे. क्लासमध्ये देसाची बंदिश म्हणताना हा स्वर लागला तर गुरू टोकणारच आणि ते बरोबरच आहे. पण हे भावगीत आहे, त्याला रागाची हद्द नाही. आणि तो स्वर आला कुठे? "गं"वर. आईला विचारताना आवाज जिथे आपोआप मऊ होतो तिथे. तो काढून शुद्ध केला तर तो प्रश्न राहत नाही, निरोप होतो. मी दोन्ही म्हणून बघितलं. तुम्ही तो काढायला नको होता, असं मला अगदी मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची असू शकेल. तुमचा शेवटचा सा चढलेला आहे, कबूल. पण त्याच्या आधी, दुसऱ्या अंतऱ्यानंतर पेटी जो सा धरते तो ऐका. आणि मग गाण्याच्या अगदी सुरुवातीला पेटी एकटी वाजते तो सा. पेटीसुद्धा चढलेली आहे. पट्टी तीच, सूर वेगळा. गळा चढतो, ताई. पेटीची पत्ती (सूर देणारी धातूची पातळ जीभ) अशी कशी चढेल?

---

वरळीकरीण

हे मी आत्ता तीनदा ऐकलं. हात थरथरतायत, नंतर लिहिते.

---

मध्यलय

उगाच कुणाला बरं वाटावं म्हणून आपण निष्कर्ष काढू नये, एवढ्यासाठी लिहितो. भात्याच्या दाबाने पेटीचा सूर थोडा हलतो. शिवाय सुरुवातीला एकच पट्टी आणि नंतर दोन पट्ट्या दाबल्या असतील तर कानाला वेगळं वाटू शकतं. मोजल्याशिवाय नक्की म्हणता येणार नाही.

---

कोमल_ऋषभ

मध्यलय, दाबाचा मुद्दा बरोबर, पण तो फरक अगदी बारीक असतो, आणि जोरात भाता मारला तर पत्ती उलट किंचित उतरते. इथे ती चढली आहे, तीही जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने. मोजायलाच हवं हे मात्र मान्य.

---

निवृत्त_अभियंता

माझी सगळी नोकरी वीजक्षेत्रात गेली, संगीतातलं मला कळत नाही. पण या धाग्यात एक वाक्य मूळ लेखिकेने सहज लिहून टाकलं आहे आणि उत्तर त्यात आहे : चार सेल, आणि पाचवा टेक.

टू-इन-वनची मोटर ठरावीक वेगाने फिरावी म्हणून आत गव्हर्नर असतो. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकली पाहिजे. सेलचा विद्युतदाब एका मर्यादेपर्यंत उतरला तरी गव्हर्नर वेग सांभाळतो. त्या मर्यादेखाली तो काही करू शकत नाही, मोटर हळू होत जाते. तालीम आणि चार टेक झाल्यावर सेल त्या टोकाला आले असणार. भरताना फीत हळू सरकली, तर नंतर योग्य वेगाच्या यंत्रावर तीच फीत जलद वाजते आणि सूर चढतो. आणि सेल गाणं चालू असतानाच उतरत असतील, तर सूर गाण्याच्या शेवटाकडे अधिकाधिक चढत जाईल. नेमकं हेच तुम्ही सगळे सांगताय.

आता पुरावा. तुम्ही ट्यूबलाइट चालू ठेवली होती. जुन्या ट्यूबचा चोक गुणगुणतो. आपली वीज ५० हर्ट्झची, चोकचं लोखंड प्रत्येक आवर्तनात दोनदा थरथरतं, म्हणून ती गुणगुण १०० हर्ट्झची, आणि तिच्या पटीत २००, ३००, ६००. ती तुमच्या कॅसेटवर नक्की असणार. ट्यूबलाइटला तुमच्या सेलशी देणंघेणं नव्हतं. तिचा सूर जर गाण्याबरोबर चढलेला दिसला, तर चढली ती फीत.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. फाईल उघडून स्पेक्ट्रोग्राम दृश्य (कोणत्या क्षणी कोणते सूर आहेत ते दाखवणारं चित्र) लावा, विंडोचा आकार ३२७६८ करा. १०० जवळ फरक बारीक दिसेल, म्हणून ६००च्या आसपास बघा. एक आडवी रेघ दिसेल. ती आडवी आहे की तिरकी, एवढंच सांगा.

एक इशारा आधीच देतो. त्या काळात आपली ग्रिड (वीजवाहिन्यांचं जाळं) ५०वर ठाम नसायची. संध्याकाळी भार वाढला की ४९च्याही खाली जायची. २००२-०३ मध्ये राज्य वीज मंडळांना आणि केंद्राच्या वीजकेंद्रांना वारंवारतेशी जोडलेला दर लागू झाला तेव्हा ती ताळ्यावर आली. त्यामुळे चोकवरून नेमका वेग काढताना एखाद-दोन टक्क्यांची चूक होऊ शकते. पण चार मिनिटांत ग्रिड तीन टक्के चढत नाही. चढ दिसला तर तो सेलचाच.

---

पार्लेकर_जुना

अभियंतासाहेब, सलाम. ज्या गुणगुणीवर सगळं अवलंबून आहे तीच ॲपने पहिल्या झटक्यात पुसली असती. ताई, भाच्याला थांबवलंत ते बरं केलंत.

गुणगुण कुठे शोधायची तेही सांगतो. त्या यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप ठरायची. गाणं जोरात असलं की यंत्र स्वतःला दाबून घ्यायचं, शांतता झाली की उघडायचं. म्हणून शेवटची ओळ संपल्यावर दोन सेकंदांनी खोली एकदम जवळ येते, आणि आई कुजबुजल्या असतील तरी मोठ्याने बोलल्यासारख्या ऐकू येतात. कडव्यांमधल्या श्वासाच्या जागा बघा. तिथे चोक मिळेल.

---

वरळीकरीण

काल रात्री भाचा आणि मी बसलो. त्याने ते दृश्य लावलं. सगळा पडदा जांभळा-केशरी, ढोलकीचे उभे पट्टे, माझ्या आवाजाच्या लाटा. आणि त्यांच्या मागून एक बारीक रेघ. गाणं चालू असताना झाकली जाते, मी श्वास घेतला की दिसते. दोरीवरच्या कपड्यांमागची दोरी दिसावी तशी.

तिरकी आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत डावीकडून उजवीकडे वर चढत गेलेली.

६००च्या जागी सुरुवातीला ६१७. शेवटी ६३५.

आम्ही काही बोललो नाही. भाच्याने कॅल्क्युलेटर काढला. सुरुवातीला २.८ टक्के जलद, शेवटी ५.८ टक्के.

---

कोमल_ऋषभ

एक अर्धस्वर म्हणजे ५.९५ टक्के!! पांढरी चारपासून काळी तीनपर्यंतचं अंतर!

ताई, तुमचे दादा बरोबर होते. गाणं पांढरी चारमध्येच होतं, कॅसेटने शेवटी ते जवळजवळ काळी तीनवर नेऊन ठेवलं. तुम्ही सहा महिने जी पट्टी घासलीत ती तुम्ही कधी गायलाच नव्हतात. घसा बसणारच.

---

मध्यलय

मोजलंत, आता माझी शंका उरली नाही. ताई, चूक तुमची नव्हती, हे मीही तितक्याच स्पष्टपणे लिहून ठेवतो.

---

निवृत्त_अभियंता

उत्तम. आता दुरुस्ती. ऑडॅसिटीत टाइम ट्रॅक जोडा. वेग सुरुवातीला ९७.२ टक्के आणि शेवटी ९४.५ टक्के ठेवा, मध्ये सरळ उतार. मूळ फाईलला हात लावू नका, प्रतीवर करा. मग पुन्हा स्पेक्ट्रोग्राम बघा, रेघ आडवी झाली पाहिजे. कुठे पोट आलं असेल तर तिथे मधला एक बिंदू धरून सारखं करा, कारण सेल सरळ रेषेत उतरत नाहीत.

आणि ती पेटी अजून आहे का? असेल तर तिची पांढरी चार मोबाइलच्या ट्यूनरवर मोजा. ग्रिडबद्दल मी जी शंका काढली तिचं उत्तर पेटी देईल. पत्तीला वीज लागत नाही.

---

चाळकरी

मी या धाग्यावर दिवसातून चारदा येतोय. पेटी आहे का ताई?

---

वरळीकरीण

आहे. दादाकडे, बदलापूरला. रविवारी गेले होते.

आधी दुरुस्त फाईलबद्दल. मधे दोन ठिकाणी पोट होतं, भाच्याने दोन बिंदू घातले. रेघ आडवी झाली. मग आम्ही डोळे मिटून ऐकलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही. इतकी वर्षं तो मला पातळ, किंचित किरटा आठवत होता, आणि मी एकोणिसाव्या वर्षी अशीच गात असेन असं धरून चालले होते. हा आवाज भरलेला आहे, सावकाश चालतो. ढोलकीही पळत नाही, ठाय बसून आहे. आणि शेवटी आई बोलते तेव्हा ती आईच आहे. जलद फितीवर तिचे शब्द तेच होते, आवाज मात्र दुसऱ्या कुणा बाईचा वाटायचा. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. भाच्याने आजीला इतकं नीट कधी ऐकलं नव्हतं, त्याने तेवढा तुकडा पुन्हा लावायला सांगितला.

सुरुवातीचा सा आणि शेवटचा सा लागोपाठ लावले, त्या गृहस्थांनी लावले होते तसेच. एकच आहेत. पेटी नाही, ढोलकी नाही, मी एकटी, आणि सा जागेवर.

त्या गृहस्थांबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांच्या कानाने जे ऐकलं ते फितीवर होतंच. पण त्यांनी एकदा मागची पेटी ऐकायला हवी होती, आणि मीही.

आता पेटी. दादाने दिवाणाखालून काढली. भात्याला दोन ठिकाणी कापडाची ठिगळं आहेत, त्याने स्वतः लावलेली. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, नुसतं म्हटलं, "पांढरी चार धर." मोबाइल समोर ठेवला. ३४९. तोच सा मूळ कॅसेटवर सुरुवातीला ३५९ आणि शेवटी ३७० येतो. भाच्याने भागाकार केला, चोकचं आणि पेटीचं उत्तर जवळजवळ सारखंच निघालं. अभियंताकाका, म्हणजे त्या रात्री वरळीत वीज ५०च्या जवळच होती.

मग दादाला सगळं सांगितलं. सेल, चोक, तिरकी रेघ. तो बराच वेळ पेटीच्या पट्ट्यांकडे बघत होता. म्हणाला, "सेल त्याच दिवशी आणलेले नव्हते गं. आधीच्या आठवड्यात मॅच ऐकायला घातलेले होते. नवीन आणायला पैसे नव्हते, म्हणून मी बोललो नाही."

हे त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं. बहुधा त्यालाही दोन्हींचा संबंध आज कळला.

मी म्हटलं, दादा, फाईल लावू का. लावली. पहिला मुखडा, अंतरा, सगळं तो मान खाली घालून ऐकत होता. "गं"वरच्या कोमल गंधाराला त्याचा हात हलला. शेवटचा मुखडा आला, जिथे १९९१मध्ये त्याने पेटी सोडली होती. त्याने भाता उघडला आणि पांढरी चार धरली. माझ्या आवाजाच्या बरोबर, अगदी हलकी, आई बोलेपर्यंत धरून ठेवली.

---

आरोही

आता ही चाल आजच्या आवाजात कधी?

---

वरळीकरीण

पुढच्या रविवारी. पांढरी चारला आता माझा वरचा पंचम पोचत नाही, पांढरी दोनला घेतोय. कोमल गंधार ठेवलाय. ढोलकीवाल्याचा नंबर चाळीतल्या ग्रुपवर मिळाला, तो आता विरारला राहतो, येतो म्हणालाय.

पार्लेकरकाका, मूळ कॅसेट कशी ठेवू तेवढं सांगा. इथे आता ट्रंक नाही.

---

पार्लेकर_जुना

उभी ठेवा, आडवी नको. पूर्ण एका बाजूला गुंडाळून, मध्यावर सोडू नका. प्लास्टिकच्या बंद डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका आणि पावसाळ्यात महिन्याला बदला. स्पीकर आणि चुंबकापासून लांब. फाईलच्या तीन प्रती, त्यातली एक बदलापूरला दादांकडे.